घर नीट सोपवणाऱ्या एस्तेरताई

एस्तेरताई आढाव यांना मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरच्या दारात. लग्न होऊन मी नुकतीच नाशिकहून आले होते. हे ऑफिसला गेले की पिवळट डिस्टेंपरच्या भिंतींकडे बघत दिवसभर बसून राहायची. ताई वरच्या मजल्यावर राहत. नाताळच्या फराळाचा डबा घेऊन त्या खाली आल्या, करंजी माझ्या हातावर ठेवली आणि खोलीभर नजर फिरवून म्हणाल्या,

"हा पलंग दारासमोर कुणी लावला?"

"यांनी."

"तरीच. ऊठ, धर एक बाजू."

आम्ही दोघींनी पलंग आतल्या भिंतीला सरकवला आणि त्याच्या जागी दोन वेताच्या खुर्च्या ठेवल्या. "घरात येणाऱ्याला आपली झोपायची जागा दिसू नये गं, बसायची दिसावी," ताई म्हणाल्या. "त्याला वाटलं पाहिजे, आपली वाटच बघत होते." संध्याकाळी हे आले ते उंबऱ्यातच थबकले. "अच्छा, आपलंच घर आहे ना?" दिल्लीत आल्यापासून मी पहिल्यांदा मनापासून हसले, ती त्या संध्याकाळी.

ताई मूळच्या नगरच्या. वडील शाळेत चित्रकला शिकवीत. आढावसाहेबांची नोकरी केंद्रीय मंत्रालयात, त्यामुळे संसार दिल्लीत. घरसजावटीचे शिक्षण त्यांनी कुठेही घेतलेले नाही. सरोजिनी नगरच्या बाजारात परदेशी जाणाऱ्या मालातून उरलेले कापड येई. त्या ढिगातून ताई असे तुकडे उपसून काढीत की कॉलनीतल्या बायका विचारीत, हे कुठल्या शोरूमचे पडदे? चैत्र लागला की कूलर खिडकीत बसवायची घाई सगळ्यांनाच असते. पण उजेडाची खिडकी सोडून दुसरी शोधा, असे सांगणाऱ्या ताईच.

पुढे आमच्या इथल्या मराठी मंडळातली माणसे एकेक करून निवृत्त होऊ लागली. कुणी पुण्याला, कुणी नागपूरला परत निघाले. आयुष्यभराच्या बचतीतून घेतलेले जनकपुरीतले, मयूर विहारमधले फ्लॅट विकायला काढले जात आणि प्रॉपर्टी डीलर एकच रड सांगत, "पार्टी आती है, देखके चली जाती है." अशाच एका घरी ताईंना सल्ला विचारला गेला. त्यांनी काचा धुऊन घेतल्या, अर्धे सामान हलवले, भिंतींना फिका रंग दिला आणि ते घर विकले गेले. तिथून हे काम सुरू झाले. मुले शाळेत जाऊ लागल्यावर मीही त्यांच्या हाताखाली रुजू झाले. गुडगावमधली तरुण मंडळी आता याला एक ऐटदार इंग्रजी नाव देतात. ताई अजूनही 'घर सोपवणं' असेच म्हणतात.

गौरवलेखात नुसतीच स्तुती करायची झाली तर ताईच रागावतील, म्हणून त्यांच्या रागाबद्दलही सांगते. प्लास्टिकची फुले दिसली की त्यांचा तोल जातो. घरमालकाच्या देखत ती उचलून बाल्कनीत ठेवताना मी त्यांना अनेकदा पाहिले आहे. एका रंगाऱ्याला सांगितलेला रंग सोडून गुलाबी लावल्याबद्दल त्यांनी असे काही झापले की घरमालकच मध्ये पडून म्हणाला, "रहने दीजिए मैडम, हम गुलाबी में ही रह लेंगे." रंग मात्र दुसऱ्या दिवशी बदलला.

ताईंच्या कामाचा खरा अर्थ मला कळला तो जनकपुरीतल्या दातारकाकांच्या घरी. काकूंना जाऊन वर्ष होत आले होते. अर्धांगाने त्या बराच काळ अंथरुणाला खिळून होत्या आणि त्यांचा दांडा फिरवून वरखाली करायचा लोखंडी पलंग पुढच्या खोलीत, खिडकीला लागून, अजून तसाच होता. त्यावर धुतलेली चादर. शेजारी काकांचा दिवाण. घर बघायला येणारी माणसे पलंग पाहून आवाज खाली आणीत आणि आतल्या खोल्या न बघताच निघून जात. काकांचा मुलगा समीर गुडगावला नोकरीत होता. वडिलांना आपल्याकडे न्यायचे म्हणून त्याने घर विकायला काढले होते आणि त्यानेच ताईंना बोलावले.

डीलर आधीच येऊन उभा होता. मागच्या बेडरूमच्या भिंतीला ओल आली होती. तिकडे बोट दाखवून तो म्हणाला, "मैडम, सीलन पे वॉलपेपर मार दो, और ये बेड आज ही उठवा दो. बिल्कुल बिक जाएगा."

ताई काकांजवळ जाऊन बसल्या. "काका, तुम्ही इथेच झोपता? आत एवढी मोठी बेडरूम आहे."

काका म्हणाले, "तिथून तिची हाक ऐकू यायची नाही."

ताईंनी समीरला अंगणात नेले. मी मागे होते. "घर तयार करता येईल रे," त्या म्हणाल्या, "पण बाबा तयार नाहीत. आत्ता मी हे काम घेणार नाही."

समीर चिडला. "ताई, मी तुम्हाला घरासाठी बोलावलंय. बाबांचं मी बघतो ना!"

"मग आधी तेच बघ. तुझ्याकडे ते राहणार कुठे?"

"स्टडीत. दिवाण टाकला आहे."

"खिडकी आहे तिथे?"

खिडकी नव्हती.

काम नाही म्हटल्यावर माझ्या लेखी विषय संपला होता. ताईंच्या लेखी नव्हता. रविवारची प्रार्थना आटोपली की त्या जनकपुरीला जाऊ लागल्या. कधी मीही सोबत जाई. घराचा विषय त्या काढीतच नसत. काकूंना काय आवडे, हे घर घेतले तेव्हा ही खोली कशी होती, एवढेच विचारीत. काका आधी तुटक बोलत, मग सांगता सांगता उठून खोलीभर फिरू लागले. इथे तिचे शिवणयंत्र होते, खिडकीपाशी, उजेडासाठी. मध्यंतरी ताई समीरच्या घरीही जाऊन आल्या. त्याने आणि त्याच्या पत्नीने पूर्वेची खोली रिकामी केली. ताईंनी शिवणयंत्र आधी तिकडे पोहोचते केले आणि खिडकीखाली मांडून त्यावर काकांचा रेडिओ ठेवला. काका ती खोली बघून आले. थोड्याच दिवसांनी त्यांनीच ताईंना फोन केला, "तो पलंग कुणाच्या उपयोगी पडेल का हो?"

नोएडातल्या एका मराठी घरी लकवा झालेल्या आजी होत्या. पलंग टेम्पोत चढवला तेव्हा काका ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. आम्हाला वाटले, निरोप द्यायला येत असतील. तिथे पोहोचल्यावर त्यांनी आजींच्या सुनेला बोलावले, दांडा तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "हळू फिरवायचा. घाई केली की पाठीला हिसका बसतो. आणि फिरवायच्या आधी त्यांना सांगायचं, आता उचलतोय." सुनेने त्यांच्या देखत तसे करून दाखवले. ताई दाराशी उभ्या होत्या. एरवी कुणालाही गप्प करणाऱ्या ताई पदराने डोळे पुसत होत्या.

मग ताईंनी काम हाती घेतले. वॉलपेपर लावू दिला नाही. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना भेटून त्यांच्या बाथरूमचा गळका पाइप दुरुस्त करवला, भिंत वाळेपर्यंत थांबल्या आणि मगच रंग दिला. घर बघायला आलेल्या पंजाबी जोडप्याला ती भिंत त्यांनी स्वतःहून दाखवली आणि ओल कुठून आली होती तेही सांगितले. डीलरने कपाळाला हात लावला. मी नंतर विचारले तेव्हा ताई म्हणाल्या, "आपण निघून जाऊ. त्या घरात कुणीतरी राहणारच आहे ना?"

ते जोडपे पुढच्या खोलीत बराच वेळ रेंगाळले. बाईंनी काकांना विचारले, "अंकलजी, इस कमरे में कितनी रोशनी है! खिड़की बड़ी करवाई क्या?"

"नहीं जी," काका म्हणाले, "पहले भी इतनी ही थी." आणि त्यांना बसायला खुर्ची पुढे केली.

घर त्यांनीच घेतले. काका आज समीरकडे पूर्वेच्या खोलीत राहतात. मंडळाच्या या अंकासाठी ताईंवर लेख लिहिते आहे म्हटल्यावर त्यांनी सांगितले, "माझी गोष्ट माझ्या नावानिशी घाल त्यात. संकोच करू नकोस."

ताईंनी अशी कितीतरी घरे दुसऱ्यांच्या हाती नीट सोपवली. माझी सासू गेली तेव्हा तिची खोली आवरायला माझ्या आधी त्याच आल्या होत्या, आणि काही न हलवता दिवसभर नुसत्या माझ्याजवळ बसून राहिल्या होत्या. हे मी त्यांच्याशी कधी बोलले नाही. इथे लिहिते.

आता त्यांची मुलगी पुण्याहून सारखी म्हणते, "आई, तो वसुंधरा कॉलनीतला फ्लॅट विकून टाक आणि इकडे ये." ताई दरवेळी काही ना काही निमित्त काढतात, यंदा म्हणे स्वयंपाकघराला नवा रंग द्यायचा आहे. आढावसाहेबांनी रंग निवडायचा हट्ट धरला आहे, म्हणजे ते काम लवकर आटोपेल असे दिसत नाही. एस्तेरताईंना आणि साहेबांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. रंगावरून त्यांचे भांडण असेच चालू राहो, आणि ते घर तयार करायला आम्हा कुणालाही बोलावणे न येवो.