काचेच्या बशीबाहेर

आमच्या कॉलेजात माझ्या वर्गासमोरच्या खोलीत एक मॅडम औषधी वनस्पतींचे अर्क काढून कॅन्सरच्या पेशींवर तपासायच्या. त्यांना स्वस्थता ठाऊक नव्हती. सूक्ष्मदर्शकात बघायच्या तेही उभ्यानं, आणि काही विचारलं की "बघू, बघू" म्हणत पुढं निघायच्या.

एका झुडपाच्या अर्कानं कॅन्सरच्या पेशी मेल्या आणि पेपरात बातमी आली. लगेच तिसगावचे एक शेतकरी दारात उभे.

"मॅडम, मंडळीला कॅन्सरचा लई तरास हाय. त्यो अर्क द्या की थोडा."

"काका, तो माणसाला द्यायचा नसतो. त्यानं काचेच्या बशीतल्या चांगल्या पेशीही मरतात. काकूंचे उपचार चालू आहेत ना?"

"सोडले. पेपरात तर आसं काय लिवलं न्हाई."

मॅडमनी टेबलावरचं बातमीचं कात्रण उचलून पुन्हा वाचलं. काका गेले आणि थोड्या वेळानं कॉलेजच्या बागेतलं ते अर्काचं झुडूप पार ओरबाडलेलं दिसलं. मॅडमनी हातातलं काम टाकलं, स्कूटर काढली, मला मागं बसवलं.

तिसगावात विचारत विचारत घर सापडलं. काढा चुलीवर उकळतच होता.

"काका, बातमी मीच दिली होती. चांगल्या पेशींचं सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही," मॅडम म्हणाल्या.

काकूंनीच पदरानं पातेलं धरून काढा अंगणात ओतला.

"दवाखान्यात येते उद्या," त्या म्हणाल्या, "पन तुमी सोबत पायजे."

मॅडमनी मान हलवली. परतताना त्यांनी स्कूटरची किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः मागं बसल्या.