मिस्त्रींच्या घरचा टीव्ही

पांढुर्ण्याच्या आमच्या टीव्हीमिस्त्रींनी आयुष्यभर टीव्ही आरशात पाहिला. सेटचं मागचं झाकण काढून ते आत हात घालून बसत, आणि समोर चित्र नीट आलं की नाही हे कळावं म्हणून पुढ्यातल्या खुर्चीवर एक आरसा टेकवून ठेवत. त्यामुळे बातम्या देणाऱ्या सगळ्या बायकांचा भांग त्यांच्या लेखी भलत्याच बाजूला होता आणि क्रिकेटमधले सगळे उजवे फलंदाज डावखुरे. अमुक मालिका पाहता का, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "पाह्यतो न. उलटी."

माझ्या लहानपणी ते सौंसरला आमच्या घरी बसने येत. आल्याबरोबर सेटला हात लावत नसत. आधी घरातल्या एकेकाला विचारत: जळका वास आला होता का, आवाज आधी गेला की चित्र, आणि सगळ्यात शेवटी, "याले थापड कोणं मारली?" मग आम्ही सगळे माझ्या भावाकडे पाहायचो. "खराबी आपोआप सांगते, फक्त आपण मधात बोलाचं नाही," असं त्यांचं म्हणणं. माझे बाबा मास्तर, आवाज चढा. पण मिस्त्री कान देऊन बसले की तेही तोंड मिटून बसत.

त्यांच्या स्वतःच्या घरचा टीव्ही मात्र बंद होता. बदली झालेल्या कुठल्याशा साहेबाने जाताना तो त्यांना देऊन टाकला होता. सागवानी खोका, चार पाय, आणि पडद्यापुढे दोन्हीकडून सरकणारी लाकडी दारं. मिस्त्रींनी तो ठेल्यावर घालून काकूंसाठी, म्हणजे आपल्या बायकोसाठी, घरी आणला. आठ-दहा महिने चालला. मग कुणाचा तरी सेट अडला, पुर्जा मिळेना, म्हणून मिस्त्रींनी घरच्यातला काढून नेला. मग दुसरा, मग तिसरा. शेवटी आत नुसत्या तारा लोंबत राहिल्या. काकू ती दारं रोज पुसायच्या आणि अधूनमधून विचारायच्या, "अवो, आपला कवा लागते?"

"लागते न. घरचाच तर हाय."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पुढे रंगीत सेट आले, मग भिंतीवरचे आले. मुलीने त्यांनाही एक घेऊन दिला. काकू त्याला 'पोरीचा टीव्ही' म्हणायच्या. त्यांचा टीव्ही म्हणजे दारांचा.

गेल्या वर्षी नागपूरच्या डॉक्टरांनी काकूंना घरी पाठवलं. आता घरीच सेवा करा, म्हणाले. मी पांढुर्ण्यातच शाळेत शिकवते, म्हणून भेटायला गेले. अंगणात तो खोका उलटा पडलेला, आणि सत्तरी ओलांडलेले मिस्त्री त्याचा वाळवीने खाल्लेला पाय कापत बसलेले. "पोरी, तिले लावून द्यायचा हाय," एवढंच म्हणाले. हातात किती दिवस आहेत ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून मी विचारलं नाही.

मग शाळा सुटली की मी तिकडेच जायला लागले. लाकडाचा सुटलेला पातळ थर त्यांनी सरसाने चिकटवला, वरून वजनाला जातं ठेवलं. काचकागदाने खोका घासून काढला आणि चिंधीच्या बोळ्याने लाखेच्या पॉलिशचे हात द्यायला घेतले. वासाने काकूंना खोकला यायचा, म्हणून दर वेळी खोका ओढत अंगणात न्यायचा आणि दव पडायच्या आत परत आणायचा. जुन्या सेटांचे पुर्जे आत बसवताना, त्यांतले फुगलेले कंडेन्सर बदलताना सोल्डरचा थेंब भलतीकडेच पडे. मी उजेड धरायची आणि मनात दिवस मोजायची. एकदा माझा धीर सुटला. म्हटलं, "काकाजी, पॉलिश राहू द्या हो! आधी चित्र आणा."

"दारं खराब राह्यले तं तिच्या जिवाले लागन," ते म्हणाले आणि पुन्हा बोळा बुडवला. मी चिडले होते, पण बरोबर त्यांचंच होतं. काकूंनी इतकी वर्षं दारंच तर पाहिली होती.

खरी अडचण पिक्चर ट्यूबची निघाली. ती आत नव्हतीच. नागपूरच्या भंगारबाजारात मिस्त्री दोनदा जाऊन आले, दोनदा हात हलवत आले. त्या संध्याकाळी ओसरीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, तेवढ्यात आतून काकूंचा बारीक आवाज आला, "सौंसरले हाय न ते ट्यूब. गुरुजीच्या टीव्हीत."

"तू चूप राह्य," मिस्त्री म्हणाले. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

गुरुजी म्हणजे माझे बाबा. लकव्याने ते खाटेला खिळले तेव्हा टीव्ही हीच त्यांची करमणूक होती, आणि नेमकी तेव्हाच आमची ट्यूब गेली. दुसऱ्याच दिवशी मिस्त्री नवी ट्यूब घेऊन हजर. "नागपूरवरून आणली," म्हणाले होते. आम्ही विश्वास ठेवला, चहा पाजला आणि मोकळे झालो. ती या घरच्या खोक्यातली होती हे आत्ता कळलं, आणि मला इतकी लाज वाटली की काकूंसमोर जायचं धाडस होईना.

रविवारी मी सौंसर गाठलं. आमचा जुना सेट मोहगावच्या वाटेवर शेतातल्या खोलीत, संत्र्यांच्या पेट्यांच्या ढिगामागे पडला होता. भाऊ म्हणाला, "काऊन पाह्यजे तुले ते डबडं?" मी सांगितलं. तो स्वतःच एकेक पेटी बाजूला करायला लागला. ट्यूब गोधडीत गुंडाळून मी मांडीवर घेतली आणि पांढुर्ण्यापर्यंत भावाला गाडी जोरात चालवू दिली नाही. मिस्त्रींनी ती जोडली, तिच्या मागच्या टोकाला बारीक लाल उजेड आला, तसं ते खाली वाकून म्हणाले, "जीव हाय अजून."

जुन्या सेटला आता अँटेनावर काही मिळत नाही, म्हणून डिशच्या डब्यातून त्याला चित्र पुरवणारी एक डबी त्यांनी मधे बसवली. काकूंना उशांच्या आधाराने खाटेवर बसवलं. मिस्त्रींनी दारं दोन्हीकडे सरकवली. संत्र्यावरच्या डिंक्या रोगाबद्दल पडद्यावर कुणीतरी सांगत होतं, पण चित्र स्थिर नव्हतं. खालून वर सारखं पळत होतं. मिस्त्री लगबगीने मागे जायला निघाले.

"अवो, मागं नका जाऊ," काकू म्हणाल्या.

"अवं, चित्र पळून राहिलं न."

"पळू द्या. इकडं बसा माझ्यापाशी."

ते खाटेच्या कडेवर बसले. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना, शेवटी मांडीखाली घातले. काकू विचारत होत्या, "का म्हणते तो?" आणि ते सांगत होते, "झाडाच्या बुडाले चुना लावा म्हणते." तो अख्खा कार्यक्रम त्यांनी तसाच, पळत्या चित्राचा पाहिला. पाचव्या दिवशी काकू गेल्या.

तेरवी झाल्यावर मुलगी त्यांना बैतूलला घेऊन निघाली. मी स्टेशनवर गेले होते. मुलगी पाणी भरायला गेली तेव्हा बाकावर आम्ही दोघंच होतो. रुळांकडे पाहत ते म्हणाले, "पोरी, मी दुनियेचे सेट लावले. पण तिच्या बाजूले बसून टीव्ही पाह्यला तो तेवढाच. इतके वर्षं मले वाटे, ती टीव्ही मागून राहिली."

त्यांच्या घरच्या त्या ट्यूबवर माझ्या बाबांनी दीड वर्ष टीव्ही पाहिला होता, आणि आम्ही सगळे रोज संध्याकाळी बाबांच्या खाटेवर दाटीवाटीने बसत होतो.