जिनिंगच्या रांगेतलं इंग्रजी

केळापूरच्या अंगणवाडीत सत्यभामा अकरा वर्षं मदतनीस होती. खिचडी ती शिजवायची, पोरांची नाकं ती पुसायची, गाणीही तीच म्हणायची. सेविकेच्या खुर्चीवर मात्र तिला बसता येत नव्हतं, कारण त्या खुर्चीला दहावी पास लागत होती. जुन्या सेविकाबाई उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या. सत्यभामेचे बाकीचे विषय कधीच सुटले होते. राहिलं होतं इंग्रजी, आणि तेही दोनदा राहिलं होतं.

कापसाचा भाव पडला, तेच ते वर्ष. खरेदी चालू कमी, बंद जास्त. पांढरकवड्याला कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगपुढे ट्रॉल्यांची रांग चार-चार दिवस हलत नसे. ट्रॅक्टरवाले ट्रॉली सोडून, चाकाखाली दगड लावून निघून जात. लेकीचे, निकिताचे बाबा, म्हणजे सत्यभामेचे यजमान, कापसावर बसून राखण करत, आणि ती दुपारी डबा घेऊन येई. समोरच जमीरभाई मिस्त्रींचं वेल्डिंगचं दुकान. त्यांची मुलगी अतिया बी.ए.ला होती. दुकानाच्या बाकड्यावर ती सत्यभामेची शिकवणी घेई.

"भाभी, रटू नका, रांगेकडं पाहा," अतिया म्हणाली. "ट्रॅक्टर एकटा चालते ना? थे साधं वाक्य. दोन बैल एका जुवाले जुपले, दोघंही आपापल्या पायानं चालणारे, थे संयुक्त. मधातला 'अँड', 'बट' म्हंजे जू."

"अन् थो 'बिकॉज'वाला?"

"थे ट्रॉली. भरलेली हाय, पन इंजिन नाई. एकटी सोडली का उभीच. ट्रॅक्टरले जोडली का मिश्र वाक्य."

सत्यभामेनं रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. "म्हंजे रस्ताभर नुसते 'बिकॉज' उभे करून ठेवले म्हन की."

जमीरभाई तोंडापुढची काच न काढताच हसले.

मग तिला नादच लागला. जेवताना यजमान म्हणाले, "भाजी आळणी हाय."

"साधं झालं. ट्रॉली जोडा."

"कारण तू इंग्रजी शिकून राह्यली."

"आता कसं," म्हणत तिनं मिठाची वाटी पुढं सरकवली.

फेब्रुवारीत तोंडी परीक्षा आली. लेखीचा भरवसा नव्हता, म्हणून अतियाची सगळी भिस्त तोंडीच्या वीस गुणांवर. "गप्प बसू नका फक्त," तिनं बजावलं होतं.

परीक्षक बाई यवतमाळकडच्या, चष्म्यावरून पाहणाऱ्या. नाव विचारलं, सत्यभामेनं सांगितलं. गाव विचारलं, सांगितलं. दोन्ही साधी वाक्यं, बिनचूक. मग बाईंनी सहज विचारलं, "व्हॉट इज युवर हजबंड्स नेम?"

सत्यभामा गप्प.

प्रश्न तिला नीट कळला होता. अडचण वेगळीच होती. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण यजमानांचं नाव तिनं असं कोरडं, उखाण्याशिवाय कधी उच्चारलं नव्हतं. रेशनच्या दुकानातसुद्धा निकिताला पुढं करायची. बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला, सावकाश, ठळक. मग वाट पाहून पेन उचललं. त्या पेनाच्या टोकाशी सत्यभामेला आपली खुर्ची दिसली. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटून म्हणाली,

"द ट्रॅक्टर वेंट होम, अँड द ट्रॉली स्टुड इन द लाइन,
व्हेन आय टेक पुंडलिकराव्स नेम, एव्हरीथिंग इज फाइन."

बाईंचं पेन तिथंच थांबलं. बाहेर बसलेल्या दोन बायकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. "पुन्हा म्हणा हो एकदा," बाई चक्क मराठीत म्हणाल्या, आणि त्यांनी तो उखाणा आपल्या वहीत उतरवून घेतला.

परत आली तर यजमान ट्रॉलीवरच. "काय विचारलं?"

"तुमचं नाव."

"मंग?"

"घेतलं."

पुंडलिकरावांनी आजूबाजूच्या ट्रॉल्यांकडे चोरून पाहिलं. "परक्या मानसांत?"

"इंग्रजीत घेतलं. दोष लागत नाई."

जूनमध्ये निकाल आला: इंग्रजीत छत्तीस, त्यातले अठरा तोंडीचे. सत्यभामा आता खुर्चीवर बसते, नाकं अजूनही तीच पुसते. आणि जमीरभाई येता-जाता पुंडलिकरावांना ऐकवतात, "छत्तीसमधले अठरा तुमच्या नावाचे हायेत, भाऊ. अर्धी दहावी तुम्हीबी पास."