ढगातला डावीकडचा गीतकार

त्या वर्षी आमच्या गायकाला कृतज्ञता सुचली. हळदीच्या गाण्यांनी तो पनवेलपासून उरणपर्यंत गाजला होता. मी कामोठ्यात शिकवण्या घ्यायचो आणि लग्नसराईत त्याच्या पार्टीत कीबोर्ड वाजवायचो. सगळे त्याला दादा म्हणत. मी वयाने मोठा असूनही म्हणायचो.

एका दुपारी तालमीत दादा म्हणाला, "ज्यांच्या गाण्यांवर आपण मोठे झालो, त्या जुन्या गीतकारांना मानवंदना द्यायची. अख्खी सीडी!"

कल्पना खरंच चांगली होती. कॅसेटच्या जमान्यात खाडीकाठच्या माणसांनी लिहिलेली ही गाणी आम्ही वर्षानुवर्षं वाजवत होतो, पण लिहिणाऱ्यांची नावं कुणाला ठाऊक नव्हती. दादाने ती शोधून काढली, जुने फोटो मिळवले. गाणी जशीच्या तशी ठेवायला मात्र तो तयार नव्हता. आजच्या पोरांना नाचता आलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. एक गाणं होतं, नवरा दर्यात बुडालेल्या बाईचं. त्याला मी नाशिक ढोलाचा ठेका लावला. सगळ्यात जास्त नाच त्याच्यावरच झाला.

सीडीच्या कव्हरवर दादा गॉगल लावून होडीत उभा होता. गीतकार वर ढगांत, टपालाच्या तिकिटाएवढे, आणि प्रत्येकाच्या नावाआधी 'कै.'

"सगळे गेले?" मी विचारलं.

"इतकी जुनी गाणी. गेलेच असणार ना!"

हेच चित्र भल्यामोठ्या फ्लेक्सवर पनवेलच्या चौकात लागलं. प्रकाशनाच्या आदल्या दिवशी आमच्या तालमीच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ आले. उरणहून एसटीने आले होते. दारातच चपला काढत म्हणाले, "ढगातला डावीकडचा मी हाय."

दादाने धावत जाऊन पाय धरले. "काका, तुम्ही... बरे आहात ना?"

"मी बरा हाय. पण फ्लेक्स बघून माजी बहीण चिरनेरवरून रडत आली. तिला चहा पाजून परत धाडली. तेवढं 'कै.' काढा."

कव्हरं छापून झाली होती. आम्ही सगळे काळे मार्कर घेऊन बसलो. माझा हात घसरला की काकांच्या नावाचं पहिलं अक्षरही जाई. फ्लेक्स उतरवायला दादाचं मन होईना, म्हणून काकांच्या 'कै.'वर 'हार्दिक स्वागत'ची पट्टी चिकटवली.

दुसऱ्या दिवशी काका पहिल्या रांगेत बसले. पाहुण्यांचे सत्कार संपले आणि निवेदिकेने जुन्याच कागदावरून वाचलं, "दिवंगत गीतकारांना श्रद्धांजली वाहण्यासाठी सर्वांनी दोन मिनिटं उभं राहावं." नावांत काकांचंही नाव आलं. दादाने कपाळावर हात मारला. सगळे उभे राहिले. काकाही मान खाली घालून उभे राहिले.

नंतर मी त्यांना विचारलं, "तुम्ही कशाला उभे राहिलात?"

"बाकीचे माजे दोस्त व्हते. मी बसून कसा राहू?"

मग स्टेजवर दादाने त्यांना शाल घातली आणि माईक दिला. काका म्हणाले, "पोरांनी याद ठेवली, बरं वाटलं. माज्याकडं नवी गाणी बी हायत."

"बघू, काका, नक्की बघू," म्हणत दादाने माईक हळूच काढून घेतला.

सीडी फारशी चालली नाही. मी मात्र रविवारी उरणला जाऊ लागलो. काका ओटीवर बसून गायचे, मी मोबाईलवर रेकॉर्ड करायचो. त्यातलं जाळं विणणाऱ्या पोरीचं एक गाणं दादाला इतकं आवडलं की त्याने कामोठ्यात एका हळदीला ते गायलं. मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. नवऱ्याच्या मामाने विचारलं, "कुणी लिहिलंय हो?"

दादा घाम पुसत म्हणाला, "पारंपरिक आहे."

मी कीबोर्ड सोडून माईकजवळ गेलो आणि काकांचं नाव सांगितलं, ते हयात असल्याचंही सांगितलं. पुढच्या लग्नाला दादाने दुसरा कीबोर्डवाला आणला.