फक्कीच्या रेघा

"वहिनींना काय, ओटा पूर्वंला दिला की झालं," काका मिस्त्रींच्या कानाशी म्हणाले आणि दोघं हसले.

मी पाण्याची बाटली घेऊन त्यांच्या मागेच उभी होते. न्हावऱ्याजवळच्या आमच्या रानात घराची आखणी चालली होती. खुंट्या ठोकून दोरी ताणली होती. मिस्त्री दोरीच्या कडेने पांढरी फक्की सोडत पुढे सरकत होते आणि काळ्या मातीवर एकेक खोली उमटत होती. पप्पा त्या नसलेल्या घरात आत-बाहेर करत होते. उंबरा जिथे येणार होता, तिथे दर वेळी पाय उचलून टाकत होते.

पप्पा रेल्वेतून रिटायर झाले होते आणि दौंडचं क्वार्टर सोडायचं होतं. पुढे कुठे राहायचं याची घरात चर्चा अशी झालीच नाही. पप्पांचं आधीच ठरलं होतं. "दौंडात ड्युटी होती तोवर ओळख. गावात रस्त्यानं निघालो तर चार जण हाक मारतात," ते म्हणायचे. ते खोटं नव्हतं. गावात शिरलं की त्यांची चालही बदलायची.

आईला त्यांनी विचारलं नव्हतं. तिनेही सांगितलं नव्हतं. मला तेवढं एकदा सांगितलं, साडीला फॉल लावता लावता, मान वर न करता. "इथं मी पायी कुठंही जाते. तिथं दवाखान्यात जायचं तरी कुणाची गाडी मागायची." मग दोरा दाताने तोडून म्हणाली, "त्यांना बोलू नको. हौसेनं चाललंय त्यांचं."

क्वार्टरच्या पुढच्या खोलीत तिचं पिकोचं मशीन होतं. संध्याकाळी कॉलनीतल्या बायका साड्या घेऊन यायच्या आणि काम झाल्यावरही बसून राहायच्या. आई मोठ्याने हसते ते मी फक्त त्या खोलीत ऐकलं आहे. इथे, फाट्यापासून एवढ्या आत, फॉल लावायला कोण येणार होतं?

जागेच्या तीन बाजूंना ऊस होता, डोक्यापेक्षा उंच. वारा सुटला की सगळा ऊस एकदम सळसळायचा आणि आई त्या बाजूला बघायची.

"बिबट्याचं काय म्हणतंय इकडं?" पप्पांनी सहज विचारलं.

"हाय की," मिस्त्री म्हणाले. "पलीकडच्या वस्तीवरलं कुत्रं नेलं परवा."

"आपण काय कुत्रं हाय व्हय?" काका म्हणाले. "दिवस मावळायच्या आत दार लावून घ्यायचं. दादा, मोटरीची लाइट रात्रीची असली की तुम्ही बॅटरी घिऊन जायाचं पाणी द्यायला. वहिनी बसतील टीव्ही बघत."

पप्पाही हसले. आईने पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"काय मॅडम?" काका माझ्याकडे वळले. "इंग्लिशमध्ये चाललंय का मनात? तुमची रूम कुठं पायजे सांगा मिस्त्रींना."

मी नुसती मान हलवली. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यातून बुजरा स्वभाव. गावात माझं वाक्य मनात तयार होईपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असायचं. गप्प राहिलं की कुणी फार वेळ आपल्याकडे बघत नाही, हे मला लवकर कळलं होतं. आईलाही कळलं असावं.

आखणी पूर्ण झाली. आमच्याकडे घरच्या बाईने आधी स्वयंपाकघराच्या जागेवर हळदकुंकू वाहायचं, मग नारळ फोडायचा आणि पहिली कुदळ मारायची. नारळ फुटला की माघार नाही. आखून सोडून दिलेली जागा वाईट समजतात. ज्याने ती सोडली, त्याला गावात वर्षानुवर्षं ऐकावं लागतं. पप्पांनी शेंडी काढून नारळ हातात घेतला होता. काकांनी मोबाईल वर धरला.

"या वहिनी, हितं तुमचं किचन."

आई ताट घेऊन आली आणि फक्कीच्या रेघेपाशी थांबली. सकाळपासून सगळे त्या रेघांवरून येत-जात होते. पुसलेली रेघ मिस्त्रींनी दोनदा रागावून पुन्हा ओढली होती. आईने मात्र एकदाही आत पाऊल टाकलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिच्या चपलांना फक्की लागलेली नव्हती.

"अगं, ये की आत," पप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद होता, त्यामुळेच मला ते ऐकवेना.

"वहिनी लाजल्या," काका म्हणाले.

आईने ताट दुसऱ्या हातात घेतलं. वाटीतलं कुंकू थोडं सांडलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली नेली. मग तिचा उजवा पाय उचलला गेला.

मी पुढे झाले आणि तिच्या हातातलं ताट धरलं. तिने ते सोडलं नाही, पण पाय होता तिथेच परत टेकला. काकांचा मोबाईल अजून वरच होता. पप्पा माझ्याकडे बघत होते, नारळ हातात, चेहऱ्यावर हसू तसंच राहिलेलं. वाक्य मनात जुळेपर्यंत मी या वेळी थांबले नाही.

"पप्पा, नारळ फोडू नका. आईला दौंडातच राहायचंय."