काट्यावरचं 'खाली'

सात डिसेंबर, रविवार. टिपरच्या हौद्यात चिकटलेली डस्ट खरवडायची होती. दगडाची ओली भुकटी कोपऱ्यांत धरून बसते आणि वाळली की दगडच होते. भरलेल्या गाडीचं एकूण वजन कायद्यानं ठरलेलं आहे. म्हणून रिकामी गाडी जितकी हलकी तितका माल जास्त, आणि भाडं मालाच्या टनावर. चिकटलेली डस्ट फुकट हिंडवायला आम्हाला परवडत नाही. रविवारी नवरा आणि मी, दोघं खुरपी घेऊन हौद्यात उतरतो.

आत उभं राहिलं की चारही बाजूंना लोखंड आणि वर नुसतं आभाळ. शहराबाहेर आम्ही गाडी लावतो त्या प्लॉटवर रविवारी खडी फोडणारी यंत्रं बंद असतात. खरवडण्याचा आवाज पत्र्यात फिरून परत येतो तेव्हा पलीकडे दुसरंच कुणी काम करतंय असं वाटतं. भुकटी उन्हात तरंगते आणि बसायचं विसरून जाते. थोड्या वेळानं आपल्यालाही वजन उरत नाही.

नवऱ्याला मात्र त्या दिवशी वजनाशिवाय काही सुचत नव्हतं. आम्ही जिथे खडी टाकतो त्या काँक्रीट प्लांटच्या सुपरवायझरचा फोन आला होता. खाणीच्या वजनकाट्यावर माल जितका भरतो त्यापेक्षा त्यांच्या काट्यावर नव्वद किलो जास्त भरत होता. उद्या येऊन कारण सांगा, नाहीतर गाडी बंद. आम्हाला दुसरं काम नव्हतं आणि गाडीवर कर्ज होतं.

"नक्की काय म्हणाला?"

"म्हणाला, क्या भाई, तुमारी कंकर रस्ते में बच्चे देती क्या?"

मी हसले. तो हसला नाही.

"आणि दर खेपेला नव्वदच?"

"नव्वदच."

खडी इतकी शिस्तीची नसते. पाण्यानं वाढते, सांडून घटते. मी नवऱ्याकडे पाहिलं. भुवयांपासून चपलांपर्यंत पांढरा, जणू त्या भुकटीतूनच उठून उभा राहिलेला.

"अहो, तुमचं वजन किती?"

"आता ते कशाला?"

"सांगा तर."

"दवाखान्यात नव्वद भरलं होतं. पण पायात बूट होते."

"काट्यावर तुम्ही गाडीतच बसून असता ना?"

"भरलेली असताना बसतो. माल टाकून परत काट्यावर आलो की उतरतो."

"का उतरता?"

"तो स्पीकरवर 'खाली' म्हणतो की!"

माझं खुरपं थांबलं. मी इथल्याच काचीगुड्यात वाढले. इथल्या हिंदीत खाली म्हणजे रिकामी. रिकाम्या गाडीचं वजन घेताना काटेवाला तशी पुकार करतो. नवऱ्यानं मात्र इथे येण्याआधी वीस वर्षं लातूरकडे साखर कारखान्याचा ऊस वाहिला. तिथल्या काट्यावर "ड्रायव्हर खाली!" म्हटलं की उतरायचं. बाजारात त्याला इथला शब्द बरोबर कळतो. काट्यावर त्याचे पाय अजून कारखान्यातच असतात. खाणीवर स्पीकर नाही, हातानं खूण करतात, म्हणून तिथे तो दोन्ही वेळा बसून राहायचा.

"म्हणजे रोज खडीबरोबर आपण तुम्हालाही विकतोय."

"भाव तरी बरा मिळाला का?"

"खडीचाच."

तेव्हा कुठे तो हसला. मग म्हणाला, "हे त्याला पटेल?"

"मी येते उद्या."

सोमवारी सकाळी मी गाडीतून गेले. धुक्यात प्लांटचे उंच डबे अर्धेच दिसत होते, खालचा भाग कुणी पुसून टाकल्यासारखा. गाडी काट्यावर चढण्याआधीच मी उतरले. भरलेली गाडी तोलून झाल्यावर नवरा माल टाकायला गेला आणि मी काट्याच्या खोलीत जाऊन सुपरवायझरला सगळं सांगितलं.

"अम्मा, ऐसी कहानियां रोज सुनता मैं."

"तो कहानी नक्को सुनो. माइक में बोलो और खिडकी में से देखो."

नवऱ्यानं रस्ताभर शपथ घेतली होती, मेलो तरी उतरणार नाही. रिकामी गाडी धुक्यातून होडीसारखी आली आणि काट्यावर थांबली. स्पीकर म्हणाला, "खाली!" दार उघडलं. एक पाय पायरीवर आला, दुसरा हवेत, आणि मग त्याला आठवलं. तो तसाच लटकून राहिला.

सुपरवायझरला हसता हसता ठसका लागला. "हौ अम्मा, ये चोर नहीं है. चोर को याद रहता." आधीच्या खेपांचं जास्तीचं वजन पुढच्या बिलातून कापायचं, गाडी चालू ठेवायची, असं ठरलं.

मी जाऊन नवऱ्याशेजारी बसले, त्याच्या शर्टाचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि खिडकीकडे पाहून पुन्हा बोला म्हणून हात केला. "खाली!" काटा आमच्याखाली पाळण्यासारखा किंचित हलला. काचेपलीकडे सगळं पांढरं. आम्ही दोघं बसून राहिलो.

"अम्मा," स्पीकर म्हणाला, "तुमारा वजन भी पकडूं क्या?"

मग मी शर्ट सोडला आणि एकटीच उतरले.