मामाच्या जागी

माझा मामा रंगारी. जन्मभर छतं रंगवून त्याचा उजवा खांदा पार आखडला होता, तोरा मात्र कायम. दवाखान्यात खांदेदुखीवर एक संशोधन चाललं होतं, त्यात मामीनेच खटपट करून त्याचं नाव घातलं. रोज मोबाइलसमोर उभं राहून व्यायाम करायचा. हात किती वर गेला ते मोबाइलच मोजणार आणि दवाखान्याला कळवणार. खाडे झाले तर नाव कापणार.

पहिल्याच दिवशी मोबाइल म्हणाला, "अजून थोडं वर." मामाचं डोकं फिरलं. "हे डबडं मला कवायत शिकवणार?" म्हणून तो जो निघून गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या जागी मामी उभी राहू लागली. मला हसू आलं, तर म्हणाली, "मोबाइलला काय कळतंय! हात वर गेल्याशी मतलब. यांचं नाव तेवढं टिकू दे." तिला भोळी म्हणायची सोय नाही, मामाला सांभाळून घ्यायची अक्कल त्या घरात तिला एकटीलाच होती. आम्ही बाकीचे नुसते त्याला घाबरायचो.

दोनेक महिन्यांनी दवाखान्यातून निरोप आला, ताबडतोब या. मामा-मामीबरोबर मीही गेले. डॉक्टरबाई मामाला म्हणाल्या, "तुमचा उजवा हात सुरुवातीला छान वर जायचा. आता दर आठवड्याला खाली येतोय. हे खांद्याचं वाटत नाही, नसांचं दिसतंय. हातून वस्तू पडतात का?"

मामा माझ्याकडे बघायला लागला. तेवढ्यात मामी हळूच म्हणाली, "पडतात. कपबशी पडते. बटणं लागत नाहीत."

"यांच्या हातून?"

"माझ्या. मोबाइलसमोर मीच उभी राहायचे."

"मग बोलली का नाहीस?" मामा खेकसला.

"तुमच्या खांद्याचं एकदा मार्गी लागू दे म्हटलं."

मला तिचा भयंकर राग आला. त्याचा तर अजून गेलेला नाही.

आजार बरा होणारा नव्हताच. हात गेले, मग पाय, मग घास गिळेना. मामाने तिचं सगळं केलं, हूं की चूं न करता; तेवढं कबूल करायला हवं. वर्ष-दीड वर्षात मामी गेली.

नंतर एकदा मामा मला घेऊन पुन्हा तिथे गेला. "तिचं काही चित्र असेल ना तुमच्याकडे?"

"आम्ही चेहरा साठवतच नाही हो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नुसते सांध्यांचे ठिपके राहतात." तरी त्यांनी लावून दाखवलं. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. मला तर ते कुणीही वाटलं असतं.

"हीच," मामा म्हणाला. "दमली की अशीच कमरेवर हात ठेवून उभी राहायची."

शेवटच्या दिवसाचं लागलं. ठिपक्यांचा हात छातीपर्यंत आला, थरथरला, खाली गेला. पुन्हा उचलला. पुन्हा खाली. मामाने पडद्यावर तळहात टेकला.

"राहू दे गं," तो म्हणाला, "मी करतो."